मोजलेल्या रेषेचें चित्र कसें करावें?

चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांस बसणारीं मुलें भूमितीच्या आकृति काढावयाच्या असल्या म्हणजे कंपास, गुण्या व टोंकदार पेन्सिल घेऊन बसतात. पुढें हींच मुलें आय.टी.आय.मध्यें किंवा तंत्रनिकेतनांत गेलीं म्हणजे पेन्सिलीची जागा संगणक घेतो, आणि ‘कॅड’ या नांवानें ओळखलें जाणारें रेखाटन तीं शिकूं लागतात. सुटींत घरीं आल्यावर आपण काढलेल्या इमारतीचा कागद तीं मोठ्या हौसेनें आईवडिलांपुढें ठेवतात. आईवडील कौतुक करितात; परंतु त्या बारीक, एकसारख्या जाडीच्या शेंकडों रेषांतून भिंत कोणती, पायरी कोणती आणि मापाची खूण कोणती हें त्यांस उमगत नाहीं. हा दोष पाहणारांचा नव्हे. रेखाटन खरें असलें तरी तें अद्याप बोलकें झालेलें नसतें. असें रेखाटन चित्रणाच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्यानें सर्वांस वाचतां येईल असें कसें करावें, आणि तें करतांना मापाचा खरेपणा कसा राखावा, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

दोन साधनें, दोन स्वभाव

संगणकावर रेषा काढण्याची कल्पना फार जुनी नाहीं. १९६३ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत आयव्हन सदरलँड यांनीं ‘स्केचपॅड’ नांवाची योजना तयार केली. तींत प्रकाशलेखणीनें पडद्यावर रेषा काढतां येत असे. पुढें १९८२ सालीं ‘ऑटोकॅड’ बाजारांत आलें. त्याच सालीं आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांतून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला, हें आमच्या विद्यार्थ्यांस साल ध्यानांत ठेवण्यास उपयोगी पडेल. चित्रणाच्या सॉफ्टवेअरपैकीं ‘इलस्ट्रेटर’ १९८७ सालचें आहे, आणि ‘इंकस्केप’ २००३ सालचें. यांतील इंकस्केप विनामूल्य मिळतें. कॅडमध्येंही फ्रीकॅड व लिब्रेकॅड हीं विनामूल्य आहेत. म्हणून पैशाच्या अभावीं हा अभ्यास कोणाचा अडूं नये.

कॅड आंकडे लक्षांत ठेवतें. ही भिंत ५ मीटर लांब आहे असें एकदां सांगितलें कीं ती ५ मीटरच राहते. तिचा रंग काय, ती डोळ्यांस जवळ भासते कीं दूर, याची चिंता त्याला फारशी नसते. चित्रणाच्या सॉफ्टवेअरचा स्वभाव याच्या उलट आहे. रेषेची जाडी, रंगाची छटा, पारदर्शकता, अक्षरांचें वळण हा त्याचा खरा प्रांत होय. दोन्ही साधनें रेषा गणिताच्या रूपानें सांठवितात, फोटोसारखी ठिपक्यांनीं सांठवीत नाहींत. म्हणूनच एकांतील रेषा दुसऱ्यांत नेली तरी ती पुसट होत नाहीं.

उदाहरणार्थ, चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाचा जटपुरा दरवाजा घेऊं. या परकोटास उत्तरेस जटपुरा, पूर्वेस अंचलेश्वर, दक्षिणेस पठाणपुरा व पश्चिमेस बिनबा असे चार दरवाजे व शिवाय पांच खिडक्या आहेत. अशा दरवाजाचा दर्शनी नकाशा एखाद्या विद्यार्थ्यानें मापें घेऊन कॅडमध्यें काढला आहे असें समजूं. (वास्तु पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखालीं आहे, मापें घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी, भिंतीवर चढूं नये, दगडावर खडूचीही खूण करूं नये.) आतां या नकाशाचें चित्र करावयाचें आहे.

(१) कॅड सोडण्यापूर्वी घर आवरावें

पुष्कळ विद्यार्थी रेखाटन जसेंच्या तसें उचलून चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्यें टाकतात आणि मग तेथें तासन् तास निस्तरीत बसतात. जें काम कॅडमध्यें पांच मिनिटांत होतें तें तेथेंच उरकावें. पहिलें काम थरांचें. छेदलेली भिंत, समोरचा दगड, मागील बुरूज, कोरीव शिल्प, मापरेषा व अक्षरें यांस वेगवेगळे थर द्यावे व प्रत्येकास अर्थ कळेल असें नांव द्यावें. दुसरें काम दुहेरी रेषा काढून टाकण्याचें. एकाच जागीं दोन रेषा एकावर एक बसल्या असल्या तर पडद्यावर त्या दिसत नाहींत, परंतु छापतांना ती जागा उगीच जाड दिसते. ऑटोकॅडमध्यें यासाठीं ‘ओव्हरकिल’ ही आज्ञा आहे. तिसरें काम म्हणजे उघड्या आकृति बंद करणें. दरवाजाच्या कमानीची कड दहा तुकड्यांची असेल तर पुढें तींत रंग भरतां येत नाहीं. म्हणून ते तुकडे जोडून एकच अखंड रेषा करावी. दगडी बांधकामाची जाळी किंवा ठिपके कॅडमध्यें भरले असतील तर ते काढून टाकावे. त्यांचे हजारों तुकडे होऊन फाईल जड होते, आणि तोच पोत पुढें सहज देतां येतो.

(२) प्रमाण आधीं ठरवावें

कॅडमध्यें वस्तु तिच्या खऱ्या आकारांत काढितात. चित्र मात्र कागदावर मावलें पाहिजे. इलस्ट्रेटरचा नेहमींचा कागद सुमारें २२७ इंच, म्हणजे पावणेसहा मीटर, याहून मोठा होत नाहीं; त्यावर अख्खा दरवाजा खऱ्या आकारांत मावणें कठीण. यास्तव प्रमाण कॅडमध्येंच ठरवून, त्या प्रमाणाची पीडीएफ किंवा एसव्हीजी फाईल काढून ती पुढें न्यावी. डीएक्सएफ फाईलही चालते, परंतु ती उघडतांना एकक विचारलें जातें. तेथें मिलिमीटरच्या जागीं इंच दिला तर सारें चित्र पंचवीस पटींहून अधिक फुगतें.

समजा, आपला नकाशा १२ मीटर रुंद आहे. १:५० या प्रमाणानें तो कागदावर २४ सेंटिमीटर होईल व ए-३ कागदावर व्यवस्थित बसेल. परंतु तोच नकाशा एखाद्या मासिकांत निम्म्या आकारानें छापला, आणि त्याखालीं ‘प्रमाण १:५०’ हे शब्द तसेच राहिले, तर तें विधान खोटें झालें. कारण खरें प्रमाण आतां १:१०० आहे. यावर उपाय सोपा आहे. चित्रांतच एक मापपट्टी काढावी, आणि तिच्यावर ०, १, २, ५ मीटर अशा खुणा कराव्या. चित्र लहान झालें कीं पट्टीही तितकीच लहान होते, आणि प्रमाण कधींही खोटें ठरत नाहीं. नवी फाईल उघडल्यावर सर्वांत आधीं ही पट्टी मोजून पाहावी. ती चुकली असेल तर पुढचें सर्व काम वाया जाईल.

(३) रेषांस पायऱ्या द्याव्या

आमच्या मतें साऱ्या कामांत याचें महत्त्व सर्वांत अधिक आहे. रंग एकही न भरतां, केवळ रेषांच्या जाडीच्या भेदानें, मुकें रेखाटन बोलूं लागतें. तांत्रिक रेखाटनासाठीं आंतरराष्ट्रीय संकेतानें जाड्यांची एक मालिका ठरली आहे: ०.१३, ०.१८, ०.२५, ०.३५, ०.५ व ०.७ मिलिमीटर. यांतील प्रत्येक जाडी मागील जाडीच्या सुमारें १.४ पट, म्हणजे दोनाच्या वर्गमूळाइतकी आहे. गणिताच्या तासाला शिकलेलें वर्गमूळ येथें असें उपयोगास येतें.

वांटणी अशी करावी. जेथें वस्तु कापली आहे असें दाखविलें असेल तेथें, व जमिनीच्या रेषेस, ०.७. दरवाजाची बाहेरील कड, जिच्यामागें केवळ आकाश आहे, तिला ०.५. पुढें आलेल्या बुरुजांच्या कडांस ०.३५. मागें असलेल्या भागांस ०.२५. दगडांच्या सांध्यांस ०.१८. मापरेषांस ०.१३. एका चित्रांत सहाही जाड्या घेतल्याच पाहिजेत असें नाहीं, नवशिक्यानें ०.५, ०.२५ व ०.१३ या तिघींवर भागवावें. एकीहून दुसरी दुप्पट असली म्हणजे भेद डोळ्यांस स्पष्ट दिसतो.

येथें एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. चित्र लहानमोठें करतांना रेषेची जाडीही त्या प्रमाणांत बदलावी कीं तशीच ठेवावी, याची निवड दोन्ही सॉफ्टवेअरमध्यें असते. ती पाहिल्यावांचून आकार बदलूं नये. ०.१३ ची रेषा निम्मी झाली कीं झेरॉक्स यंत्रांत ती नाहींशी होते. म्हणून ज्या आकारानें छापावयाचें त्याच आकारानें काम करावें हें उत्तम. तसेंच बारीक रेषा करड्या रंगाची करूं नये. छापखान्यांत करडा रंग बारीक ठिपक्यांनीं साधितात, त्यामुळें रेषेची कड कातरल्यासारखी होते. रेषा काळीच ठेवावी, आणि फिकी दिसावयास हवी असेल तर ती बारीक करावी.

(४) सावली हेंही एक मापच आहे

सपाट दर्शनी नकाशांत कमान किती खोल आहे हें कळत नाहीं. तें सावलीनें कळतें. रेखाटनाचा जुना संकेत असा कीं, प्रकाश पाहणाराच्या डाव्या खांद्यावरून येतो, आणि तो अशा कोनानें कीं नकाशांत सावली उजवीकडे व खालीं ४५ अंशांत पडते. या संकेताचा मोठा गुण हा कीं सावलीची रुंदी कोनाड्याच्या खोलीइतकीच येते. कोनाडा ४० सेंटिमीटर खोल असेल तर त्याच्या डाव्या कडेची सावली ४० सेंटिमीटर रुंद, म्हणजे १:५० च्या कागदावर ८ मिलिमीटर काढावी. हें जाणणारा मनुष्य सावली मोजून खोली सांगूं शकतो. जो विद्यार्थी शोभेसाठीं वाटेल तेथें काळें धुरकट फासतो, तो नकळत खोटें माप लिहितो.

परंतु हा संकेत आहे, सूर्याचें वर्णन नव्हे. जटपुरा हा उत्तरेकडील दरवाजा. त्याचें बाहेरील तोंड उत्तरेस. आपलें चंद्रपूर सुमारें २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यानें दोनप्रहरचा सूर्य वर्षांतील बहुतेक दिवस आपल्या दक्षिणेकडे असतो. केवळ मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तो माथ्याच्या किंचित् उत्तरेस जातो. अर्थात् हिवाळ्यांत जो प्रवासी हा दरवाजा पाहील त्यास त्या बाजूस चित्रांतील सावली कोठेंच दिसणार नाहीं. म्हणून चित्राच्या कोपऱ्यांत ‘सावली संकेतानुसार’ असे दोन शब्द लिहावे.

सावली काढण्याची कृति: तिच्यासाठीं वेगळा थर घ्यावा, बंद आकृति काढून तींत काळा रंग भरावा, पारदर्शकता अशी ठेवावी कीं सुमारें तीस टक्के काळेपणा उरेल, आणि मिश्रणाची रीत ‘मल्टिप्लाय’ निवडावी. त्यामुळें खालचा रंग गडद होतो, पण झांकला जात नाहीं. थरांचा क्रम खालून वर असा असावा: रंग, पोत, सावली, रेषा, अक्षरें. रेषा सावलीच्या वर असाव्या, नाहीं तर त्या मलूल दिसतात.

(५) रंग, पोत व शिल्प

रंग थोडे व फिके असावे. भिंतीस एक, जमिनीस एक, आकाशास कागदाचाच पांढरा. शेवटीं चित्र करड्या छटांत पालटून पाहावें. पुष्कळदां तांबडा व हिरवा हे दोन रंग करडे झाल्यावर एकच होऊन जातात, आणि ज्या अंकाची छपाई एकरंगी असते त्यांत चित्राचा अर्थच हरवतो. दगडांचा पोत सबंध भिंतीवर भरूं नये. चार ठिकाणीं थोडे थोडे दगड दाखविले कीं उरलेली भिंत दगडी आहे हें डोळा आपण होऊन समजतो.

दरवाजावर हत्तीस दाबून धरणारा सिंह कोरलेला आहे. ती गोंड राजांची खूण होय. असें शिल्प कॅडमध्यें काढणें दुष्कर. यासाठीं फोटो घेऊन तो चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्यें खालच्या थरांत ठेवावा व वरून रेषा काढावी. मात्र खालीं उभें राहून वर तोंड करून घेतलेल्या फोटोंत वरचा भाग आंखूड होतो. शक्य तितक्या दुरून व समोरून फोटो घ्यावा. मग शिल्पाची मोजलेली उंची व रुंदी या दोन मापांत तो बसवावा. तरीही हा भाग भिंतीइतका अचूक नसतो. तळटीपेंत ‘भिंत मोजून, शिल्प फोटोवरून’ असें स्पष्ट लिहावें.

झाड व माणूस यांच्यावांचून इमारतीची उंची भासत नाहीं, म्हणून एकदोन आकृति घालाव्या. माणूस सुमारें १.६ मीटर उंच काढावा. बाहेरून आयत्या आणलेल्या चित्रांत बहुधा परदेशी झाडें असतात. तीं आपल्या गांवच्या रस्त्यावर विजोड दिसतात. मोह, साग, कडुनिंब, बांबूचें बेट यांची बाह्यरेषा एकदां स्वतः काढून ठेवावी. ती जन्मभर उपयोगी पडेल. आणि जेथें झाड नाहीं तेथें झाड काढूं नये.

(६) मराठी अक्षरें

कॅडमधील जुन्या वळणाच्या रेखाक्षरांत देवनागरी बहुधा नसते, आणि असलेला मजकूरही दुसरीकडे नेतांना जोडाक्षरें फुटतात, वेलांट्या जागा सोडतात. म्हणून मराठी मजकूर कॅडमध्यें लिहूंच नये. तो शेवटीं चित्रणाच्या सॉफ्टवेअरमध्यें युनिकोड टाइपानें लिहावा. मुंबईच्या एक टाइप या मंडळीनें केलेले ‘मुक्त’ व ‘बालू’ हे टाइप विनामूल्य मिळतात. इलस्ट्रेटरमध्यें परिच्छेदाच्या मांडणीसाठीं ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ निवडावा लागतो, तेव्हां जोडाक्षरें नीट जुळतात. इंकस्केपमध्यें तीं आपोआप जुळतात. छापखान्याकडे फाईल धाडण्यापूर्वी तिची एक प्रत काढून त्या प्रतींतील अक्षरांचें रेषांत रूपांतर करावें, म्हणजे तेथें तो टाइप नसला तरी शब्द बिघडत नाहींत. मूळ फाईल मात्र जपून ठेवावी, कारण रूपांतर केलेल्या अक्षरांत शुद्धलेखन सुधारतां येत नाहीं.

छापण्यासाठीं पीडीएफ द्यावी. ठिपक्यांचेंच चित्र हवें असेल तर पीएनजी, इंचास ३०० ठिपके या हिशेबानें. २० सेंटिमीटर रुंदीस सुमारें २,३६२ ठिपके लागतात. जेपीईजीनें बारीक रेषांभोंवतीं मळ धरतो.

पालकांशीं दोन शब्द

ही सर्व खटपट केवळ परीक्षेच्या गुणांसाठीं आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत गांवकऱ्यांपुढें नकाशे वारंवार येतात: तलावाचे, अंगणवाडीचे, रस्त्याचे, वनाच्या सीमेचे. धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. या गांवांत निर्णय बहुमतानें न होतां सर्वांच्या संमतीनें होतो. अशा सभेंत नकाशा मांडला आणि तो दहांतील नऊ जणांस वाचतां आला नाहीं, तर त्यांनीं दिलेली संमति कशाला दिली? न कळलेल्या कागदावरील होकार हा होकारच नव्हे. नकाशा सर्वांस वाचतां येईल असा काढणें हें म्हणून सौंदर्याचें काम असून शिवाय न्यायाचेंही आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच ध्यानांत ठेवावी. चित्र सुंदर करण्याची विद्या मोहांत पाडण्याच्याही कामीं येते. घरें विकणाऱ्यांच्या रंगीत पत्रकांत रुंद रस्ते, दाट सावली व फुललेले बगीचे असतात. त्यांतील मापलेलें किती व कल्पिलेलें किती हें कोणी सांगत नाहीं. आपल्यापुढें असें चित्र आलें तर पालकांनीं तीन प्रश्न विचारावे. मापपट्टी कोठें आहे? उत्तर दिशा कोणती? यांतील आज अस्तित्वांत काय आहे, आणि नुसतें योजलेलें काय आहे? आमच्या विद्यार्थ्यांनीं आपल्या प्रत्येक चित्रांत या तीन प्रश्नांचीं उत्तरें आधींच देऊन ठेवावीं. जें मोजलें तें अखंड रेषेनें काढावें. जें पडलें आहे व पूर्वीं असावें असा केवळ तर्क आहे, तें तुटक रेषेनें काढावें. आणि ज्याचा तर्कही करतां येत नाहीं तेथें कागद कोरा सोडावा. २०१७ सालापासून चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनीं या परकोटावरील झाडझुडूप व कचरा काढण्याचें मोठें काम केलें. जी भिंत त्यांनीं श्रमानें उघडी केली, तिचें खरें चित्र काढणें हें आमच्या मुलांच्या हातचें काम आहे.

अभ्यास

हें सारें वाचून होणार नाहीं, करून होईल. आरंभ दरवाजापासून करूं नये. येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या घरची एक वस्तु घ्यावी: तुळशीवृंदावन, विहिरीचा कठडा, बांबूचा पाळणा किंवा ओसरीचा खांब. फूटपट्टी व मापाची फीत घेऊन ती मोजावी, कॅडमध्यें काढावी, तीन जाड्यांच्या रेषा द्याव्या, एक सावली मापून टाकावी, आणि खालीं मापपट्टी काढावी. संगणक नसेल त्यानें हेंच काम कागदावर तीन पेन्सिलींनीं करावें. नियम तेच आहेत. मग तें चित्र घरांतील ज्या मनुष्यानें कधीं नकाशा हातीं धरला नसेल त्याच्या हातीं द्यावें, आणि आपण एक शब्दही न बोलतां त्यालाच विचारावें कीं ही वस्तु कोणती, किती उंच व किती खोल. त्याचीं उत्तरें मापांशीं जुळलीं तर चित्र साधलें. जेथें तो अडखळेल तेथें खूण करून पुन्हां संगणकापाशीं बसावें.